रोज घडतं त्याला एस लागतो

बाई,

परवा यांचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, मोठी पातेली माळ्यावर गेली, सून तिच्या कामाला लागली आणि दुपारी मी एकटीच पुढच्या खोलीत बसले होते. तेव्हा लक्षात आलं की मी काही लिहीत बसले तर 'काय लिहितेस' म्हणून विचारणारं आता घरात कुणी नाही. म्हणून हे घेतलंय. तुम्हाला जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. नेमकी किती, ते मला सांगता येत नाही, कारण तुम्ही गेल्याचंच मला उशिरा कळलं, तेही पिंपरीच्या मंडईत उभ्या उभ्या. तुम्हाला मी आठवत असेन की नाही, असं आधी लिहिणार होते. पण ते खोटं झालं असतं. मी तुम्हाला आठवत असणारच. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली.

मी काळेवाडीची सून. माहेर चाकणच्या पलीकडचं, खेड तालुक्यातलं. मराठी चौथी झालेली, त्यामुळे वाचता येत होतं, पण लग्न झाल्यावर दोन वर्षांत वाचायला काही मिळालंच नव्हतं. नवे पैसे सुरू झाले त्याच्या आदल्या वर्षी मी कारखान्यात लागले. मोठे कारखाने तेव्हा नुकते कुठे उभे राहत होते. आपला म्हणजे चिंचवड स्टेशनच्या पलीकडची पत्र्याची लांब शेड, तिथे औषधाच्या बाटल्या धुवायच्या, भरायच्या आणि त्यांना लेबलं लावायची. आम्ही बायका धुण्याच्या खात्यात. पवनेला पाणी कमी असलं की दगडांवरून, नाहीतर होडीने नदी ओलांडून यायचं आणि दिवसभर हात पाण्यात. तुम्ही लेबलखात्यात होता. लेबल बरोबर आहे की नाही ते बघून सही करणाऱ्या. बिनकाठाचं पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, बोलणं कोकणातलं. विधवा असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. विचारलं कुणीच नव्हतं.

वर्ग का सुरू झाला ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मला लिहावंसं वाटतं. भिंतीवर इंग्रजी पाट्या होत्या, हात धुवा, टोपी घाला, इथे हात लावू नका, अशा. त्या कुणाला वाचता येत नव्हत्या, म्हणून एकदा एका खेपेच्या सगळ्या बाटल्या पुन्हा धुवाव्या लागल्या. साहेब चिडले. तुम्ही त्यांना म्हणालात की जेवणाच्या सुट्टीतला अर्धा वेळ मला द्या, मी शिकवते. शेडच्या मागे लिंबाखाली आम्ही सहाजणी बसायचो. वाया गेलेल्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही आम्हाला लिहायला लावायचात. माझ्याकडे अशा लेबलांची जुडी झाली होती, दोऱ्याने ओवलेली. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, पाट्यांवरचंच शिकवणार. तुम्ही म्हणालात, "ते होईल. ते कंपनीचं इंग्रजी. आधी आपल्या दिवसाचं शिकू."

आणि मग ते सुरू झालं. आय गेट अप. आय वॉश माय फेस. आय ब्रश माय टीथ. माझ्या शेजारी परभणीकडची एकजण बसायची, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, मी तर मिश्री लावते, त्याला काय म्हणू? तुम्ही म्हणालात, ब्रशच म्हण. ती म्हणाली, पण ब्रश कुठाय? तुम्ही तुमचं पहिलं बोट वर करून दाखवलंत. आम्ही सगळ्याजणी हसलो, तुम्हीही थोड्या. तुमच्याकडे एक जुनं पुस्तक होतं, त्यात कुणीतरी सकाळी लोणी लावलेला पाव खाऊन बागेत फिरायला जात होतं. ते पान तुम्ही आम्हाला वाचून दाखवलंत आणि मिटून टाकलंत. म्हणालात, हा यांचा दिवस. तुमचा सांगा, खरा सांगा, पुस्तकातला नको. मग आम्ही विचारत सुटलो. दळण म्हणजे ग्राइंड. पाणी आणणं म्हणजे फेच. सारवणं म्हणजे काय, तर तुम्ही म्हणालात, त्याला शब्द नाही गो, त्यांच्याकडे सारवतच नाहीत. तू आपली सारवणंच म्हण. आम्हाला त्याचं नवल वाटलं. इतकी मोठी भाषा आणि तिच्यात सारवण नाही. दुपारी फडक्यात बांधून आणलेली भाकरी आणि चटणी खाताना मी मनात म्हणायची, आय ईट लंच. ती भाकरी दुसऱ्याच कुणीतरी खाल्ल्यासारखी वाटायची.

सगळ्यात जास्त गोंधळ 'ही' वरून झाला. पुरुषाला ही म्हणायचं, हे ऐकून आम्ही पदर तोंडाला लावला. तुम्ही समजावलंत की इंग्रजीत मोठा असो, लहान असो, नवरा असो की दुकानातला नोकर, सगळ्यांना एकच, ही. अहोजाहो नाही, अरेतुरे नाही. हे मला फार दिवस पुरलं. कारण बाई, घरात मी यांच्याविषयी बोलताना 'हे' सोडून दुसरा शब्द कधी तोंडात घेतला नव्हता. कुणी विचारलं तर 'हे जरा रागीट आहेत' एवढंच माझ्या जिभेला येत होतं. आईलाही मी तेवढंच सांगितलं होतं, आणि आई म्हणाली होती, पुरुषाची जात, चालायचंच.

तो दिवस मला अजून दिसतो. थंडी सुरू झालीय, लिंबाची पानं खाली पडतायत, आणि तुम्ही म्हणताय, आज प्रत्येकीनं आपला सगळा दिवस सांगायचा, सकाळपासून. परभणीची सांगते, तिच्यानंतर माझी पाळी येते. मी उभी राहते. आय गेट अप ॲट फोर. आय फेच वॉटर. आय ग्राइंड. आय कुक भाकरी. ही ईट्स. ही गोज टू वर्क. हे खडकीला कामाला होते, सायकलवर जायचे. आय गो टू वर्क. आय वॉश बॉटल. ही कम्स होम. इथवर मी तुमच्याकडे बघत बोलतेय. तुम्ही मान हलवताय. आणि मग मी म्हणते, ही बीट मी.

मी ते म्हणेन हे मलाच ठाऊक नव्हतं. शब्द आदल्या आठवड्यात तुमच्याकडूनच आला होता, कपडे आपटण्याबद्दल कुणीतरी विचारलं होतं तेव्हा. तो माझ्याकडे होता, आणि 'ही' माझ्याकडे होता, आणि दोन्ही शेजारी येऊन बसले. मराठीत मला 'तो मला मारतो' असं मेले तरी म्हणता आलं नसतं. परभणीची माझ्याकडे न बघता काडीने जमिनीवर रेघा ओढायला लागली. मला वाटलं, आता तुम्ही उठाल. काहीतरी कराल. तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "बीट्स."

मी तशीच उभी.

"एकदाच मारलं?" तुम्ही विचारलंत.

"न्हाई."

"नेहमी?"

मी मान हलवली.

"मग बीट्स. ही बीट मी म्हटलं तर त्याचा अर्थ, त्यानं मारलं, झालं एकदा. रोज घडतं त्याला एस लागतो. ईट्सला लावलास, गोजला लावलास. इथेच कसा विसरलीस?" आणि तुम्ही पुढचीला म्हणालात, हां, तू बोल.

मला वाटलं, कुणी चारचौघींत माझा पदर ओढला. त्या दिवशी बाटल्या धुताना माझ्या हातून दोन फुटल्या. इतकं सांगितलं मी, आणि या बाईला त्यातला एक एस दिसला. दुसऱ्या दिवशी मी लिंबाखाली आलेच नाही. आठ दिवस आले नाही, नळाशी बसून भाकरी खायची. आठव्या दिवशी तुम्ही स्वतः धुण्याच्या खात्यात आलात, ओल्या जमिनीवरून लुगडं वर धरून, आणि विचारलंत, वर्गाला का येत नाहीस?

"कशाला येऊ? तुमाला आमची चूक तेवढी दिसती."

तुम्ही लुगडं हातात धरूनच जरा जवळ सरकलात. मग म्हणालात, "मला सगळं दिसलं. पण पाचजणी बसल्या होत्या. मी तिथे तुला जवळ घेऊन रडले असते तर उद्यापासून तू इथे बिचारी झाली असतीस. आणि दुसरं ऐक. तू दर वेळी असं धरतेस की झालं एकदाचं, आता नाही होणार. म्हणून तुझ्या तोंडून तसं आलं. ते नीट म्हणायला शीक." एवढं बोलून तुम्ही गेलात. माझे हात साबणाच्या पाण्यात होते. मला राग आलेला होताच, पण राग कुठे न्यावा ते कळेना, कारण तुम्ही म्हणालात ते खरं होतं. दर वेळी दुसऱ्या दिवशी हे चांगले वागायचे. एकदा जिलबी आणली होती. मी दर वेळी मनात म्हणायची, संपलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला आले. त्या हिवाळ्यात मी खूप शिकले. संक्रांतीनंतर तुम्ही साहेबांना सांगून मला लेबलखात्यात घेतलंत, तुमच्या शेजारच्या टेबलावर. कोरड्या हाताने काम करायचं, याचंच मला सुख वाटायचं. बाटलीवरचं नाव, नंबर, मुदत वाचायची आणि बरोबर असलं तर पुढे सरकवायची. घरी मात्र या बदलाचं कौतुक झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, आता ही शहाणी झाली. हे काही बोलले नाहीत. हे बोलले नाहीत की मला जास्त भीती वाटायची.

होळीच्या आधी तो दिवस आला. कालवणात मीठ जास्त झालं, एवढंच कारण. डाव्या बाजूला लागलं. पडल्यावर कानात शिट्टीसारखं वाजायला लागलं, ते दोन दिवस वाजत राहिलं आणि मग त्या कानातून आवाज यायचेच बंद झाले. तुम्ही टेबलावरून मला हाक मारलीत आणि मी वळले नाही. तेव्हा तुम्हाला कळलं. तुम्ही उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसलात. त्या दिवसापासून तुम्ही नेहमी उजव्या बाजूलाच बसायचात, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. चार दिवसांनी तुम्ही मला विचारलंत, पुण्यात बायकांना ठेवून घेणारी एक संस्था आहे, शिकायला मिळतं, हाताला काम मिळतं, येशील का? रविवारी सकाळी नऊच्या गाडीने मी घेऊन जाते. मी होय म्हटलं. इतक्या लगेच म्हटलं की तुम्ही पुन्हा एकदा विचारलंत. मग तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत. मी अनवाणीच यायची. शुक्रवारी तुम्ही तुमच्या जास्तीच्या वहाणा एका पिशवीत घालून आणल्यात आणि म्हणालात, पुण्यात उन्हाचं डांबर तापतं, या घाल.

त्या मी घातल्या नाहीत. घरी नेऊन दोन लुगड्यांच्या गाठोड्यात ठेवल्या आणि गाठोडं धान्याच्या कणगीमागे. शनिवारी हे लवकर आले. ऊन अजून अंगणात होतं. सासूबाई कणगीतून ज्वारी काढत होत्या, त्यांना गाठोडं दिसलं. त्यांनी ते यांच्यापुढे आणून सोडलं. नुसती लुगडी असती तर माहेरी जायची असेल असं यांना वाटलं असतं. पण वहाणा निघाल्या. वापरलेल्या, माझ्या पायाला मोठ्या होणाऱ्या. यांनी विचारलं, कुणाच्या? मी म्हणू शकत होते, वाटेत सापडल्या. परभणीच्या बाईने दिल्या असंही म्हणता आलं असतं. यांनी अजून हात उचलला नव्हता, नुसते उभे होते. मी म्हणाले, बाईंच्या. मग विचारलं, कशाला दिल्या? आणि मी सगळं सांगितलं. पुणं, संस्था, नऊची गाडी. मी म्हणाले, बाईंनीच मला सांगितलं, माझ्या मनात न्हवतं.

त्या दिवशी यांनी मला मारलं नाही. रविवारी सकाळी मी अंगण सारवलं. नऊची गाडी नदीपलीकडून ऐकू येते, वारा तिकडून असला तर. मी उजवा कान तिकडे करून बसले होते. तुम्ही फलाटावर किती वेळ थांबलात ते मला नंतर कळलं.

सोमवारी हे आणि माझे थोरले दीर माझ्याबरोबर कारखान्यात आले. साहेबांच्या खोलीत आपण सगळे उभे होतो, फक्त साहेब बसले होते. यांनी पिशवीतून वहाणा काढल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेब म्हणाले, आधी त्या खाली ठेवा. मग यांनी आवाज चढवला. तुमच्याकडे बोट करून म्हणाले की ही बाई दुसऱ्यांच्या बायका पळवते, शिकवायच्या नावाखाली घरं फोडते, हिचं स्वतःचं घर कुठं आहे ते विचारा. बरंच काही बोलले. तुम्ही त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबलात आणि साहेबांना म्हणालात, "हो, मी सांगितलं तिला. का सांगितलं ते तिलाच विचारा."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "नवरा मारतो का गं तुला?"

"न्हाई साहेब."

"कधीच नाही?"

"न्हाई."

"मग या बाईंनी असं का सांगावं?"

बाई, 'न्हाई' पर्यंत मी स्वतःला कधीकधी माफ केलं आहे. माझ्यासारख्या किती जणी तेच म्हणाल्या असत्या. पण साहेबांनी हे विचारल्यावर मी गप्प बसले असते तर चाललं असतं. मी म्हणाले, "त्यांचं त्यांनाच ठावं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. लेबलावरचा नंबर पुन्हा एकदा ताडून बघावा तसं बघितलंत. मग खाली वाकून वहाणा उचलल्यात, आणि साहेब काही बोलायच्या आत म्हणालात, मी महिनाअखेरीची वाट बघत नाही, आजच मोकळी होते. साहेब नको म्हणाले नाहीत. तासाभराने तुम्ही टेबलावरची पिशवी घ्यायला आलात. मी मान खाली घालून बाटल्या सरकवत होते. तुम्ही टेबलाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आलात आणि हळू आवाजात म्हणालात, "लेबलखातं सोडू नकोस. काही झालं तरी परत पाण्यात जाऊ नकोस." मी वर बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी मी चिंचवड गावात तुमची खोली शोधत आले होते. परत जाताना वाकडी वाट केली होती, घरी काही सांगितलं नव्हतं. काय बोलणार होते ते मला माहीत नव्हतं. घरमालकीण झिजलेल्या जात्याला पाथरवटाकडून टाकी लावून घेत होती. ती म्हणाली, बाई गेल्या, मागल्या बुधवारी, ट्रंक एकच होती. कुठे गेल्या ते सांगितलं नाही. मी विचारलं, त्या रविवारी? तिला आठवलं. म्हणाली, त्या रविवारी सकाळी गेल्या त्या दुपारी उन्हं कलल्यावर आल्या, पुण्याला जाते म्हणाल्या होत्या पण गेल्याच नाहीत वाटतं, पिशवीतले डबे तसेच होते. दोन डबे होते, म्हणाली, एकट्या बाईला दोन कशाला.

मग ती बोलत राहिली. तुम्ही किती वाजता उठायचात, एकदाच स्वयंपाक करून दोन वेळा कशा जेवायचात, रविवारी पत्र लिहायचात, आणि तुम्हाला मात्र कधी पत्र आलं नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते. सहाजणी तीन महिने रोज आपापला दिवस तुम्हाला सांगत होतो, आणि तुमचा दिवस कसा जातो, हे आमच्यातल्या एकीनेही कधी विचारलं नव्हतं. तुम्ही शिकवलेल्या भाषेत ते विचारणं किती सोपं होतं.

लेबलखातं मी सोडलं नाही. एवढी एक गोष्ट तुमची ऐकली. पुढे कारखाना मोठा झाला, शेड गेली, इमारत आली, नदीवर पूल झाला, आणि मी त्याच खात्यातून निवृत्त झाले. मारणं चालू होतं. मुलगा सोळा वर्षांचा झाला आणि त्याने एकदा यांचा हात वरच्या वर धरला, तेव्हा ते थांबलं. शेवटची नऊ वर्षं हे अंथरुणावर होते. मी सगळं केलं, भरवण्यापासून पुसण्यापर्यंत. लोक म्हणाले, बायको असावी तर अशी. प्रेमाने केलं असंही नाही आणि सूड म्हणूनही नाही. सकाळ झाली की करायचं होतं, म्हणून केलं.

मुलीचं मात्र लिहिलं पाहिजे. ती लग्नानंतर वर्षभराने पुनावळ्याहून आली. ओठ सुजलेला. म्हणाली, एकदाच झालं गं आई. मी तिला पोटाशी धरलं, हळद लावली, जेवायला घातलं, आणि म्हणाले, होतं असं एखाद वेळी. दोन दिवसांनी परत पाठवलं. मी, बाई. मला ठाऊक असताना. आठ महिन्यांनी मी स्वतः गेले आणि तिला घेऊन आले, तेव्हा तिच्या मनगटाचं हाड चुकीचं जुळलेलं होतं. आज ती बालवाडीत शिकवते, एकटी राहते, दर रविवारी मला भेटायला येते. आणायला गेले त्या दिवसाबद्दल ती कधीतरी बोलते. परत पाठवलं त्या दिवसाबद्दल बोलत नाही. मीही काढत नाही.

तुमची बातमी परभणीच्या बाईने दिली. मंडईत भेटली, म्हातारी झाली होती, आधी ओळखलंच नाही. बोलता बोलता म्हणाली, "त्या बाई तर वारल्या ना. लई साल झाले. रत्नागिरीकडं पुतण्याकडं होत्या. तुला कुणी सांगितलं नाही का?" मला कोण सांगणार होतं? मी मेथीची जुडी हातात घेतली होती, ती तशीच घेतली, पैसे दिले, घरी आले, निवडली. संध्याकाळी यांना भाजी आवडली.

आता उन्हं खाली आली आहेत, सून चहाला हाक मारेल. हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या पुतण्याचा पत्ता शोधून काढता आला असता, पण मेलेल्या माणसाला लिहिलेलं पत्र त्याने का वाचावं? आणि खरं सांगायचं तर तुम्ही जिवंत असतात तरी मी ते टाकलं नसतं, कारण एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती तुमच्या डोळ्यांसमोर जाऊ नये असं मला अजून वाटतं.

साहेबांच्या खोलीत मी 'न्हाई' म्हणाले ते भीतीने, असं मी चाळीस वर्षं स्वतःला सांगत आले. भीती होतीच. पण हे तुमच्यावर ओरडत होते, बोट तुमच्याकडे होतं, मी यांच्या बाजूला उभी होते, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तो आवाज माझ्यासाठी नव्हता. त्या वेळी मला बरं वाटलं होतं, बाई. फार नाही. पण वाटलं होतं.